पुट्टीच्या मुठी

पहिलं हत्यार मी रागाच्या भरात केलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी त्यात माया शोधायला नको.

फवारणीच्या पंपाचा कार्बोरेटर पुढ्यात होता. त्याच्या पोटात एक पितळी जेट असतो. त्याचं डोकं तांदळाएवढं आणि बसतो मात्र खोल भोकात. आमच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानातला सगळ्यात बारीक स्क्रू ड्रायव्हरसुद्धा तिथं पोचत नव्हता. हे दाराजवळच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. "तिरका घाल. अगं, तिरका! आता सरळ कर. सरळ म्हणजे सरळ, बाई!" तीन वेळा ऐकून घेतलं. चौथ्यांदा उठले, मागं पडलेल्या सायकलच्या चाकाची एक तार पकडीनं तोडली, टोक ऐरणीवर ठेवून हातोडीनं चपटं केलं, कानशीनं दोन्ही बाजूंनी घासलं आणि भोकात घातलं. जेट गुमान फिरला. ह्यांचे हुकूम थांबले.

पण ती तार तळहातात रुतली. म्हणून संध्याकाळी दुकान आवरता आवरता तिला मूठ केली. दोन कांड्यांची पुट्टी मिळते ना, एक काळी, एक पांढरी, एकत्र मळली की तासाभरात दगड होते, ती. टाकी गळायला लागली की आम्ही तीच लावतो. ती मळली, तारेच्या दुसऱ्या टोकाला थापली, हात ओला केला आणि मूठ घट्ट आवळून बसले. वीस मिनिटं तशीच. त्या दिवसातली तेवढीच वीस मिनिटं मी बसले असेन. आणि बसल्या बसल्या डोक्यात आलं, की असली जाड, बोटं रुतून बसणारी मूठ असेल, तर ह्यांच्या डाव्या हातातसुद्धा हत्यार टिकेल.

ह्यांचा उजवा हात सहा महिन्यांपूर्वी एका जनरेटरच्या पट्ट्यात ओढला गेला. हात वाचला, पण मधली तीन बोटं वळायची थांबली. अंगठा आणि करंगळी तेवढी हलतात. शेजारचा कुलूपवाला बघायला आला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, हा हात आता फोनवर बोलण्याची नक्कल करायच्या कामाचा राहिला बघा." हे त्या दिवशी हसले होते. त्यानंतर फारसे हसले नाहीत. डाव्या हातात जोर आहे, पण सवय नाही. बारीक मुठीचं हत्यार त्यातून निसटतं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं, आणि मग स्वारी जी खुर्चीवर जाऊन बसली ती बसलीच.

मी तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होते. अकरा वर्षं. शाळेचे गणवेश शिवायचो आम्ही चौदा जणी, आणि खिडकीजवळचं तिसरं मशीन माझं. चार दिवसांची रजा घेऊन दुकानात आले, ह्यांना जरा मदत म्हणून. चार दिवसांचे सहा महिने झाले. डोकं ह्यांचं आणि हात माझे. मशीनं सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा असा भरून यायचा की घरी कपडे वाळत घालायला हात वर जाईना. केसांना पेट्रोलचा वास, नखांत काळं, आणि घरी गेल्यावर परत चूल, भांडी, ह्यांच्या सदऱ्याची बटणं. मुलगी तिच्या घरून फोन करायची, "आई, बरी आहेस ना?" मी म्हणायची, "उभी आहे." दुसरं काय सांगणार?

कारखान्याच्या मालकीणबाई माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी सहा महिने माझ्या मशीनवर कायमचं कुणाला बसवलं नाही. पण त्या तरी किती थांबणार? त्या महिन्याच्या आठ तारखेला निरोप आला: "महिनाअखेरपर्यंत वाट बघते. एक तारखेला येऊन बस, नाहीतर दुसरी येईल."

म्हणजे मला बावीस दिवस होते. तेवढ्यात ह्यांना एकट्यानं एक मशीन खोलून परत जोडता आलं पाहिजे, बस्स. एक आलं की दहा येतील. मग ह्यांचं दुकान ह्यांना आणि मला माझी खिडकी. स्वार्थी म्हणायचं तर म्हणा. मी थकले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग हे सरळ नवऱ्याला सांगायचं. सांगायचं! हॉस्पिटलातून घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता, दाबून व्यायाम करायला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तो दुकानासमोरच्या गटारात भिरकावला. "मी काय लहान मूल आहे?" म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. तेव्हाच मी कानाला खडा लावला. ह्या माणसाला ‘हे तुमच्या हातासाठी’ असं म्हणून काही द्यायचं नाही. नुसतं टेबलावर ठेवायचं. दिसेल, वाटेल, उचलेल.

आणि डाव्या हाताचं हत्यार कसं असावं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी जन्माची डावरी. लहानपणी त्यापायी मार खाल्लाय, कारखान्यात कात्रीसाठी भांडलेय. बाटलीचं झाकण फिरवण्यापासून कुलूप उघडण्यापर्यंत ही सगळी दुनिया उजव्यांनी उजव्यांसाठी केलेली आहे. त्यामुळे मला आतून एक गुर्मीच होती, की हे काम माझ्याइतकं चांगलं कुणी करणार नाही.

तारेच्या स्क्रू ड्रायव्हरनंतर दुसरा केला प्लगचा पाना. पाण्याच्या नळाच्या पाइपचा वीतभर तुकडा घेतला, तोंड तापवून लाल केलं, आत एक षट्कोनी बोल्ट ठोकून तोंडाला तसाच आकार आणला. वरती आडवा दांडा, दांड्याला पुट्टीची मूठ. तिसरा एक आकडा, मोडक्या पेचकसाचं टोक वाकवून केलेला, तेलाची रबरी सील ओढून काढायला. चौथं हत्यार म्हणजे पिस्टन अडवायची खुंटी. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढायची आणि त्यात बोल्ट बसवायचा. ते करताना अंगठा असा ठेचला की आई आठवली. मग काजळी खरवडायचं पातं, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा चिमटा. सातवं सगळ्यात अवघड. मॅग्नेटचं चाक शाफ्टवर इतकं घट्ट बसलेलं असतं की ते ओढून काढायला वेगळा पुलर लागतो. बाजारात तयार मिळतो तो दोन हातांनी धरायचा. मी जाड पट्टीला तीन भोकं पाडली, तीन बोल्ट घातले आणि पट्टीचं एक टोक लांब ठेवून त्याला मूठ केली, म्हणजे एका हातानं पट्टी आवळून धरता येईल आणि निकाम्या हाताच्या नुसत्या मनगटानं मधला बोल्ट फिरवायचा दांडा रेटता येईल. ते जमलं तेव्हा, खरं सांगते, मी स्वतःवरच खूश झाले.

प्रत्येकाला पुट्टी. प्रत्येक मूठ ओल्या हातानं वीस-वीस मिनिटं आवळून धरलेली. आणि प्रत्येक हत्यार झालं की टेबलाच्या डाव्या अंगाला, ह्यांच्या हाताशी येईल असं ठेवलेलं.

ह्यांनी एकाला हात लावला नाही.

बघायचे. तेच तर जास्त लागायचं. खुर्चीवरून उठून यायचे, वाकून बघायचे, एकदा तर हात पुढं आलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि विंचू दिसावा तसा मागं घेतला. टेबल झाडायचे तर ती सात हत्यारं सोडून बाकीचं झाडायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मनात म्हणायची, एवढा माज? बायकोनं केलेलं हत्यार हातात घेतलं तर मिस्त्रीपण गळून पडेल?

वीस तारीख उलटली तशी मी एक डाव टाकला. शाळेच्या माळ्याचं गवत कापायचं मशीन आलं होतं. ठिणगी वेळेवर पडत नव्हती, म्हणजे मॅग्नेटचं चाक काढणं आलं. मी कपाळाला हात लावला. "माझं डोकं फार दुखतंय. मी घरी जाऊन पडते. माळ्याला दुपारी मशीन हवंय. बघा तुम्ही काय ते," म्हटलं आणि सातही हत्यारं मशीनभोवती पंगतीसारखी मांडून निघाले. घरी कसली पडते? दोन तास भिंतीकडे बघत बसले.

परत आले तर हे टेबलाशी उभे. माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. जवळ जाऊन बघते तर ह्यांच्या डाव्या हाताची बोटं सोलवटलेली, ओठाला रक्त, कारण पकड दातांत धरली होती, आणि पायाशी ह्यांचा तो जुना दोन हातांचा पुलर पडलेला. चाक जागचं हललं नव्हतं. माझी सात हत्यारं मी मांडली तशी, एकही इकडचं तिकडे झालेलं नाही.

"हे इथं पडलंय ते दिसत नाही का तुम्हाला?" मी मोठ्यानंच बोलले.

"दिसतं की," हे म्हणाले.

"मग?"

"ते तुझं आहे," म्हणाले, आणि ओठ पुसत खुर्चीवर जाऊन बसले.

ते तुझं आहे. इतकं घालून पाडून बोललेलं अकरा वर्षांत कारखान्यातसुद्धा मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी पदर खोचला. माझा पुलर उचलला, चाक काढलं, माळ्याचं मशीन चालू केलं. पुढचे चार दिवस आमच्यात ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘दुकान उघडलंय’ एवढंच बोलणं. कुलूपवाला मधे डोकावून म्हणाला, "वहिनी, मिस्त्री माझ्या कुलपासारखे झालेत, किल्ली हरवलीय." मी म्हटलं, "किल्ली नाही भाऊ, अक्कल हरवलीय." तो पळालाच.

अठ्ठावीस तारखेला मी पिस्टनच्या रिंगा आणायला बाजारात गेले होते. गर्दी, ऊन, तीन दुकानं फिरले तेव्हा त्या मिळाल्या. पाय ओढत परत आले तर आमच्या दुकानात वेगळीच हवा. ह्यांनी दाढी केलेली. कुलूपवाला स्टुलावर. टेबलावर तीन कप चहाचे, त्यातला एक झाकून ठेवलेला, माझ्यासाठी.

"मालकीणबाई येऊन गेल्या," हे म्हणाले.

माझा जीव एकदम हलका झाला. आठवण ठेवून बाई स्वतः आल्या! "काय म्हणाल्या? कधी येऊ?"

"सांगितलं मी त्यांना."

"काय सांगितलं?"

हे खुर्चीतून उठले. सहा महिन्यांत मी ह्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. "म्हटलं, बाई, आमच्या हिची वाट बघू नका. ती आता यायची नाही. ती आता स्वतःची हत्यारं करते. सात केली, म्हटलं, या, बघा. दाखवली त्यांना. लांबूनच दाखवली, हात नाही लावला." आणि कुलूपवाल्याकडे वळून, "मला उस्तादांनी पहिलं हत्यार करू दिलं ते चार वर्षांनी. हिनं सहा महिन्यांत सात! आणि तो पुलर बघितलास? माझ्या डोक्यात नसता आला."

कुलूपवाला मान डोलवत होता. "वहिनी, या गल्लीत स्वतःचं हत्यार केलं की माणूस कारागीर झाला. मग त्याच्या हत्याराला दुसऱ्यानं विचारल्याशिवाय शिवायचं नाही. आमचे काका म्हणायचे, दुसऱ्याची कवळी आणि दुसऱ्याचं हत्यार, कितीही अडलं तरी वापरू नये."

"तुला त्यांना तोंडावर नाही म्हणायला जड जात होतं," हे मला हळू आवाजात म्हणाले. "कळत होतं मला. म्हणून मीच मोकळं केलं तुला."

मी रिंगांची पिशवी खाली ठेवली. स्वतःही खालीच बसले, त्या तेलकट फरशीवर. मला आधी राग आला की रडू, ते आता सांगता येणार नाही. दोन्ही एकदम आलं असेल.

"कुणाला विचारून सांगितलंत?" मी म्हणाले. "अहो, कुणाला विचारून?"

"म्हणजे?"

"ती हत्यारं तुमची आहेत! तुमच्यासाठी केली मी! तुमच्या डाव्या हातासाठी! तुम्ही कामाला लागावं, आणि मला परत माझ्या मशीनवर जाता यावं म्हणून मर मर मरून केली, आणि तुम्ही त्यांचं प्रदर्शन मांडून माझीच जागा घालवलीत?"

कुलूपवाला उठून कधी गेला ते कळलं नाही. चहाचा कप अर्धा तसाच.

हे टेबलाशी गेले आणि पहिल्यांदा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, त्या प्लगच्या पान्याला हात घातला. डाव्या हातात धरला. फिरवून बघितला. मग माझ्यासमोर उकिडवे बसले आणि मूठ माझ्या डोळ्यांपुढे आणली.

"हे बघ," म्हणाले. "यात माझी दोन बोटं मावतात. बाकीची दोन कुठं ठेवू, खिशात?"

मी बघितलं. ह्यांचा हात म्हणजे फावडं. पुट्टीत चार खळगे होते, बारीक, जवळजवळ, आणि ह्यांची बोटं त्या खळग्यांत न बसता मधल्या उंचवट्यांवर घसरत होती. करंगळीच्या खळग्यात एक नखाचा ओरखडा होता. माझ्या नखाचा. मी हात पुढं केला, पाना घेतला, आणि माझी चार बोटं चार खळग्यांत अशी जाऊन बसली की वाटावं, माप देऊन शिवून घेतलंय.

देवा! अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांची मापं पाहून कपडे शिवले. बाही अर्धं बोट लांब झाली तर उसवून परत शिवली. आणि घरच्या माणसाच्या हाताचं माप घ्यायचं मला सुचलं नाही. डावा म्हणजे डावा, इतकंच डोक्यात. सातच्या सात मुठी मी माझ्याच मुठीत आवळून वाळवल्या होत्या. ह्यांनी त्या बघितल्या, माझ्या बोटांचे ठसे ओळखले, आणि समजले ते समजले. चुकीचं काय समजले?

"मग त्या दिवशी ‘ते तुझं आहे’ म्हणालात ते?"

"ते तुझं होतं म्हणून म्हणालो. दुसरं काय?"

"मला वाटलं टोमणा मारताय."

"टोमणा कशाला मारू? मला बरं वाटत होतं." मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं तुला इथं आवडायला लागलं."

मी पदरानं तोंड पुसलं. हातांना ग्रीस होतं, ते गालाला लागलं.

"तर तुला जायचंय," हे म्हणाले.

"हो."

"मग सांगायचंस."

"सांगायचंस म्हणे! ऐकलं असतंत? तो चेंडू गटारात फेकलात तो कुणी?"

"तो डॉक्टरांचा होता," हे म्हणाले. "तू दिलेलं काही फेकलंय मी कधी?"

आठवून बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली. नव्हतं फेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी कारखान्यात जाऊन विचारते. महिना संपायला अजून वेळ आहे." हे "जा" म्हणाले. सदऱ्याची बटणं लावून द्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे, उशीर होईल." त्यांनी स्वतःच लावली, एक वर एक खाली. मी ती तशीच राहू दिली आणि निघाले.

कारखान्याच्या जिन्यात मशीनांचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. तो आवाज ऐकून मला झोप येते, इतका ओळखीचा. वर गेले. खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, चष्मा लावून, मान खाली घालून कॉलर जोडत होती. हात चांगला होता तिचा, टाके सरळ. खिडकीत तिनं पाण्याची बाटली ठेवली होती.

मालकीणबाई मला बघून कावऱ्याबावऱ्या झाल्या. हात धरून बाजूला घेऊन गेल्या. "अगं, तुझ्या मिस्त्रींनी इतकं कौतुकानं सांगितलं, मला वाटलं, सुटली बिचारी, आपलं आपण उभं राहतेय. मी कालच हिला निरोप धाडला. हिनं दुसरं काम सोडलं आणि आज सकाळी आली. आता कुठल्या तोंडानं उठवू?"

"उठवू नका," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ती बाई माझ्या वैरातली थोडीच होती.

"सहा-आठ महिन्यांनी एखादी जागा झाली तर पहिली तुला कळवीन."

"कळवा," म्हटलं आणि जिना उतरले. रस्त्यात कुठं थांबले नाही. कुठं थांबणार? एकच रस्ता होता, तोच दुकानाकडे जातो.

दुकानाच्या दारात वखारवाला त्याचं लाकूड कापायचं मशीन मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून म्हणाला, "वहिनी, मिस्त्री म्हणतात थांब. अर्धा तास झाला."

आत पाऊल टाकलं तर पायाखाली काहीतरी करकरलं. फरशीवर राखाडी तुकडे पसरले होते, मोठे, बारीक, काहींवर अजून बोटाचा खळगा दिसत होता. टेबलावर माझी सहा हत्यारं उघडी पडली होती, नुसतं लोखंड. हातोडी बाजूला. आणि हे टेबलाशी उभे. राहिलेली, ती पहिली सायकलची तार, शिकंज्यात उभी धरलेली, आणि तिच्या टोकावर ह्यांचा डावा हात घट्ट मिटलेला. बोटांच्या फटींतून ओली पुट्टी बाहेर आली होती. एका हातानं मळली कशी कोण जाणे. तोंडावर, सदऱ्यावर, कानाच्या पाळीला पुट्टी.

"सगळ्या फोडल्यात?" मी विचारलं.

"सगळ्या. जुनी मूठ काढल्याशिवाय नवी कशी बसणार?" ह्यांचा आवाज धाप लागल्यासारखा येत होता. "दहा मिनिटं झाली. अजून दहा. मग वखारवाल्याच्या मशीनची चेन मी बसवतो. तू बघ नुसती. एक तारखेपर्यंत बाकीच्या मुठीही होतील, मग भागेल माझं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काय म्हणाल्या बाई?"

खोटं बोलावं असं क्षणभर आलं मनात. पण अंगात खोटं बोलायचीही ताकद नव्हती.

"दुसरी बसली," मी म्हणाले. "आजच सकाळी."

बाहेर वखारवाला खाकरला. मी टेबलावरचा पुलर उचलला. उघड्या पट्टीची धार तळहाताला लागली, तशी मी तो परत ठेवला.

"एखादी तरी ठेवायची होतीत," मी म्हणाले.

"तू जाणार म्हणालीस ना."

"हो. म्हणाले."

ह्यांनी आपल्या मिटलेल्या हाताकडे बघितलं, मग त्या सहा उघड्या लोखंडांकडे, आणि बोटं सैल व्हायला लागली. "थांब," म्हणाले, "ही अजून नरम आहे. तूच ये, तुझा हात दे, तुझीच करू परत..."

"मूठ उघडू नका!" मी ओरडलेच. "खबरदार! दहा मिनिटं धरलीय ती फुकट जाईल."

ह्यांनी परत आवळली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पुसायला दुसरा हात वळत नव्हता. मी माझ्या पदरानं पुसलं, कानाची पुट्टीही काढली, वर-खाली लागलेली बटणं सोडून परत नीट लावली. मग प्लगच्या पान्याला चिंधी गुंडाळली आणि वखारवाल्याला म्हटलं, "आणा इकडे ते मशीन."